तीन नंबरचा सेन्सर

बाबालालमामा मुलाणींनी स्टीलचा पेला माझ्यापुढे धरला. पहिल्याच घोटाला कळलं, की दूध खालून चांगलंच लागलंय.

"कसा झालाय च्या?" त्यांनी विचारलं.

"फक्कड," मी म्हणालो.

कुणी प्रेमानं दिलेल्या चहाला नाव ठेवायचं नसतं, हे आमच्याकडे पोरांना चालायला शिकवायच्या आधी शिकवतात. म्हातारा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता, म्हणून मी आणखी एक घोट घेतला, आणि तो घशाखाली ढकलताना हसलोसुद्धा. मामांनी स्वतःचा पेला मिटक्या मारत संपवला. मग ते प्रेशरचा काटा बघायला वळले तसा मी उरलेला चहा प्लांटरूमच्या दाराशेजारच्या मोरीत ओतला आणि पेला विसळून पालथा घातला. सारवासारव करण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची, मार्च महिन्यातली. आमच्या तालुक्यात त्या दिवसांत द्राक्षाचा बेदाणा होऊन येतो आणि गावाबाहेरच्या माळावरच्या शीतगृहांत भरला जातो. तसल्याच एका शीतगृहाचा संगणक सकाळपासून सुरू होत नव्हता, म्हणून मला बोलावणं आलं होतं. मी सव्वीस वर्षांचा होतो. रसवंतीच्या वरच्या मजल्यावर माझं दुरुस्तीचं दुकान होतं आणि अख्ख्या तालुक्यात आपल्यासारखा संगणकवाला नाही, अशी माझी पक्की समजूत होती. ती अगदीच खोटी नव्हती. बाकीचे तिघे काहीही बिघडलं तरी फॉरमॅट मारायचे. मी आधी कारण शोधायचो.

बाबालालमामा तिथले प्लांट ऑपरेटर. शीतगृह थंड ठेवायला नळ्यांतून अमोनिया फिरवतात. हा वायू जरासा सुटला तर डोळ्यांतून पाणी काढतो, जास्त सुटला तर माणूस मारतो. मामा बावीस वर्षं त्या नळ्यांच्या सहवासात होते. पूर्वी ते रोज सकाळी गंधकाची कांडी पेटवून प्रत्येक सांध्याजवळ फिरवायचे. गॅस झिरपत असेल तिथे पांढरा धूर धरतो. दोन वर्षांपूर्वी मालकांनी प्लांटरूममध्ये गॅस हुंगणारे चार सेन्सर बसवले, ते संगणकाला जोडले, आणि तेव्हापासून कांडी सोमवारपुरती उरली. रोजची राखण यंत्र करायचं, आणि मामांचं नाक. प्लांटरूमच्या पलीकडे बेदाणा निवडायचा हॉल होता. तिथे चौदा बायका बसायच्या. मध्ये एक भिंत आणि एक दार.

"झालं का हो कोष्टी?" काचेच्या केबिनमधून मगदूमसाहेबांची हाक आली. भूपाल मगदूम हे तिथले मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवशी त्यांच्या पायाखाली निखारे होते. तीन वाजता व्यापाऱ्यांची मंडळी येणार होती, आणि पाच महिन्यांत कुठल्या खोलीचं तापमान किती होतं ते बघितल्याशिवाय ती मालाला हात लावणार नव्हती. त्या साऱ्या नोंदी या एका पेटीत.

मी केबिनमध्ये जाऊन संगणकासमोर बसलो. पडद्यावर खंडेनवमीची झेंडूची माळ वाळून कोळ झाली होती, ती बाजूला सारली. बटण दाबलं. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं आली, गेली. मग विंडोजचं चिन्ह आलं आणि त्याच्याखालच्या पट्टीत ते तीन निळे ठिपके डावीकडून उजवीकडे पळायला लागले. पळतच राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"सकाळपासनं हेच," मगदूम म्हणाले. "वीस वेळा बंद-चालू केलं. फॉरमॅट मारा की."

"मारतो. पाच महिन्यांच्या नोंदी जातील, चालेल?"

ते खुर्चीत बसले आणि पुन्हा फॉरमॅटचं नाव काढलं नाही.

मी डबा उघडला, धूळ उडवली, रॅमची पट्टी काढून तिचे पितळी दात खोडरबरानं घासले. हा आमच्या धंद्यातला रामबाण. अर्धा तालुका मी एका खोडरबरावर चालवत होतो. पट्टी परत बसवली, बटण दाबलं, ठिपके पळायला लागले आणि तिथेच अडकले. हार्डडिस्क तपासली, ती ठणठणीत. मग एफ-आठ दाबून सेफ मोडमध्ये घेतला. सेफ मोड म्हणजे बाकी सगळ्या नोकराचाकरांना बाहेर ठेवून मालकानं एकट्यानं घरात शिरायचं. तसा तो दोन मिनिटांत सुरू झाला.

"झाला." मगदूम उठलेच.

"झाला नाही. पण कळलं. मशीन चांगलं आहे, विंडोज चांगलं आहे. सुरू होताना जे प्रोग्राम आपोआप चालू होतात त्यातला कुणीतरी एक पाय धरून बसलाय."

त्या प्रोग्रामांची यादी काढली. तीसेक नावं, प्रत्येकापुढे एक चौकट, चौकटीत बरोबरची खूण. अर्ध्या खुणा काढायच्या आणि मशीन चालू करून बघायचं. चाललं, तर चोर काढलेल्या अर्ध्यात. मग त्यातल्या अर्ध्या परत लावायच्या. याला डोकं फार लागत नाही, चिकाटी लागते. चौथ्या फेरीला दोनच नावं उरली आणि पाचव्या फेरीला चोर सापडला.

तो चोर नव्हता. तो गॅसच्या अलार्मचा प्रोग्राम होता.

त्याची नोंदवही उघडली. शेवटची हजारो वाक्यं एकसारखी होती. तीन नंबरकडून उत्तर नाही, पुन्हा विचारत आहे. तीन नंबरकडून उत्तर नाही, पुन्हा विचारत आहे. चारही सेन्सरची खुशाली कळल्याशिवाय पुढे जायचं नाही, अशी त्याची शिस्त होती. तीन नंबर बोलेना, हा विचारायचं सोडेना, आणि याच्यामागे अख्खं मशीन दाराबाहेर उभं.

मी मगदूमसाहेबांना सगळं समजावून सांगितलं. कुणी काही म्हणो, सांगण्यात मी कसर केली नाही. "याची खूण काढली तर मशीन चालू होईल. पण अलार्म वाजणार नाही. एकटा तीन नंबर नव्हे, चारही गप्प."

"तापमान दिसेल ना?"

"ते दिसेल."

"मग काढा. सेन्सरवाला सोमवारी पुण्याहून येणारच आहे, नेहमीच्या तपासणीला. आज गुरुवार. तीन-चार दिवसांचा तर सवाल आहे."

घड्याळात अडीच वाजले होते. मी माउसवर हात ठेवला आणि काढून घेतला. "मामांना विचारूया एकदा," मी म्हणालो. ही माझी सावधगिरी होती असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मला माझ्या डोक्यावरचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायचं होतं.

मामा चिंधीला हात पुसत आले. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते मॅनेजरकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"इंजिनेर, च्या प्यालास न्हवं मगाशी?"

"प्यालो की."

"समदा?"

"समदा," मी हसून म्हणालो. मला वाटलं, म्हाताऱ्याला यंत्रातलं कळत नाही म्हणून विषय बदलतोय.

मामांच्या चेहऱ्यावर एकदम ऊन पडल्यासारखं झालं. "मग काढा की. ही पेटी यायच्या आदी हितं माझंच नाक हुतं. वीस वर्सं. चार दिस आनिक बगंल की."

"बघा," मगदूम म्हणाले. "आमचं खरं मशीन हे."

तेव्हा माझ्या मनात आलं. करपलेल्या दुधाचा वास त्या प्लांटरूमभर पसरला होता, आणि याच माणसानं तो चहा मिटक्या मारत संपवला होता. मनात स्पष्ट आलं, नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण ते बोलायचं म्हणजे आधी मी खोटं बोललो, चहा मोरीत ओतला, हे त्यांच्या तोंडावर सांगायला हवं होतं. तेही त्यांच्या साहेबासमोर. एवढ्यातेवढ्यावरून म्हाताऱ्याची शोभा कशाला, असं मी स्वतःला म्हटलं. आणि खूण काढली.

मशीन दीड मिनिटात सुरू झालं. निळे ठिपके तीनदा पळाले आणि पडदा उजळला. सोळा खोल्यांची तापमानं एकाखाली एक उभी राहिली. मगदूमांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मामा म्हणाले, "झ्याक," आणि आपल्या स्टुलाकडे गेले. मी विजयी वीरासारखा स्कूटरवरून गावात आलो.

शनिवारी दुपारी साडेबाराला रसवंतीवाल्यानं खालून हाक मारली. माळावर गॅस सुटलाय म्हणे. मी जिना कसा उतरलो ते आठवत नाही. शीतगृह अजून अर्धा किलोमीटर लांब होतं तिथेच डोळे चुरचुरायला लागले. बांधावर बायका बसल्या होत्या, तोंडावर ओले पदर धरून. कुणी ओकत होती, कुणी नुसतीच बघत होती. एकीनं माझी बाही धरली आणि विचारलं, "हौसा दिसली का हो?" मी कोण, कुठला, तिला काहीच माहीत नव्हतं.

काय झालं ते नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. तीन नंबरच्या सेन्सरच्या बरोबर खालचा एक सांधा सोमवारची कांडी फिरवून झाल्यावर कधीतरी झिरपायला लागला होता, अगदी बारीक, अलार्म वाजण्याइतका नव्हे. तो गॅस खाऊन खाऊनच सेन्सर मेला होता. म्हणजे प्रोग्राम ज्याला विचारत होता, तो उत्तर देऊन मोकळा झाला होता. शनिवारी दुपारी सांधा सुटला. मामा तिथून सहा-सात हातांवर भाकरी खात बसले होते. आरडाओरडा पहिला झाला तो भिंतीपलीकडच्या हॉलमध्ये. वास आधी बायकांना आला. मामांना कळलं ते डोळ्यांना धारा लागल्यावर, आणि तोपर्यंत खोली भरली होती. त्यांनी बायकांना मागच्या दारानं बाहेर काढलं, मोजल्या. तेरा भरल्या. हौसाबाई कांबळे पोती आणायला आतल्या खोलीत गेली होती. टॉवेल भिजवून तोंडाला बांधला आणि म्हातारा आत गेला. आधी जाऊन त्यांनी वाल्व्ह बंद केला. तो बंद सापडला, म्हणून कळतं. दोघं सापडली ती दारापासून चार पावलांवर. मामांचा हात हौसाबाईच्या दंडाला होता.

आवारातल्या कडुलिंबाची पानं दोन दिवसांत तपकिरी झाली आणि खाली आली.

दहा दिवसांनी चौकशीला सरकारी साहेब आले. त्याच केबिनमध्ये मला बोलावलं. झेंडूची ती माळ मी सारली होती तिथेच होती. मगदूम शेजारच्या खुर्चीत बसले होते. त्यांची दाढी वाढली होती आणि ते टेबलाकडे बघत होते.

"घटनेच्या वेळी संगणक चालू होता का?"

"होता, साहेब."

"गुरुवारी तुम्ही काय दुरुस्ती केलीत?"

"सुरू होताना अडकत होता. अडथळा काढला."

त्यांनी लिहून घेतलं. अडथळा म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. निदान असं मला वाटतं. त्यांनी विचारलं नाही. मगदूमांनी तेवढ्यात एकदा वर बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं, आणि दोघंही पुन्हा टेबलाकडे बघायला लागलो. सोमवारी आलेल्या सेन्सरवाल्यानं तीन नंबर बदलून सगळं पूर्ववत केलं होतं. खूण परत लागली होती. तपासणाऱ्यांना सारं जागच्या जागी दिसलं, आणि अलार्म वाजला नाही तो एकट्या तीन नंबरमुळे, असं त्यांनी धरलं.

कागदावर आलं ते असं, की गळती अनेक दिवस चालू असावी, ती वासावरून सहज लक्षात आली असती, आणि तरीही ऑपरेटरनं दखल घेतली नाही. ऑपरेटरचा निष्काळजीपणा. मेलेल्या माणसाची सही लागत नाही.

गावाला तेवढंच पुरलं. म्हाताऱ्यानं हौसाला मारली, असं लोक उघड बोलायला लागले. वाल्व्ह बंद केला, तेरा जणींना काढलं, हे कुणी बोलेना. त्या तेरा जणी म्हणायच्या, पण बेदाणा निवडणाऱ्या बायकांचं कोण ऐकतो? हौसाबाईच्या घरच्यांनी मुलाणींच्या दारावरून जायचं सोडलं. आणि मी? मी कामं करत होतो. खोडरबर घासत होतो.

मामांचा चाळिसावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी एक मुलगी जिना चढून वर आली. तेवीस-चोवीस वर्षांची, डोक्यावरून पांढरी ओढणी. तिच्या हातात संगणक नव्हता, लॅपटॉप नव्हता. पायरीवरच थांबून तिनं विचारलं, "कोष्टी तुम्हीच ना, दादा?"

"मीच."

"मी रेहाना. बाबालाल मुलाणींची मुलगी."

मी तिला स्टूल दिलं. ती बसली नाही. माझे हात टेबलावर होते ते मी खाली घेतले.

"त्या गुरुवारी अब्बांच्या हातचा चहा प्यालात ते तुम्हीच ना?"

मी होकारार्थी मान हलवली. संगणकाचं विचारेल, अलार्मचं विचारेल, म्हणून मी चाळीस दिवस उत्तरं घोटून ठेवली होती. त्यांत चहा कुठेच नव्हता.

"तुम्हाला म्हणून सांगते," ती म्हणाली. "दिवाळीपासनं अब्बांच्या नाकाची शंका होती. अम्मी म्हणायची, दूध करपलंय, तुम्हाला कसं कळत न्हाय? बोंबील भाजले तरी कळायचं न्हाय त्यांना. पण अम्मीचं ऐकायचे न्हाईत. म्हणायचे, तुला मला घरी बसवायचंय. शेवटी अम्मी म्हणाली, माझं ऐकू नका. मुद्दाम दूध लावून च्या करा आन् परक्या मानसाला पाजा. घरचं खोटं बोलंल, परक्याला काय पडलंय? त्येनं तोंड वाकडं केलं तर समजा नाक गेलं."

खाली रसवंतीचं घुंगरू वाजत होतं.

"अब्बांनी कबूल केलं. म्हणाले, नाक गेलं असलं तर दुसऱ्या दिवशी साहेबाला सांगून घरी बसतो. जिवाशी खेळ न्हाय करनार, बायका बसत्यात पलीकडं. दूध किती लावायचं तेबी त्यांना कळंना, अंदाजानं ठेवलं. आन् गुरुवारी संध्याकाळी आले ते हसतच. म्हणाले, इंजिनेर समदा च्या प्याला. दोनदा इचारलं मी त्येला. दूध लागलंच नव्हतं, म्हनूनच मला वास आला न्हाय. फक्कड म्हनाला."

ओढणीचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं होतं.

"अम्मी तवापासनं जेवत न्हाय नीट. ती म्हणती, दूध करपलेलंच असणार, त्यांना कळत न्हवतं, मी सांगत हुते. मी म्हणते, मग लोक म्हणत्यात तसं अब्बांनी वास येऊन काणाडोळा केला असं होत न्हाय. कळलंच नसंल तर त्यांची काय चूक? तेवढं तरी कागदावर आणता येईल. वकील म्हणाला, चहा प्यालेला माणूस आण." तिनं माझ्याकडे बघितलं. बापासारखेच डोळे होते, टक लावणारे. "म्हणून विचारायला आले, दादा. खरं सांगा. करपला होता का?"

एक शब्द पुरे होता. त्या एका शब्दानं म्हाताऱ्याच्या नावावरचा डाग गेला असता, आणि त्याच शब्दामागून बाकीचं सगळं आलं असतं. मोरीत ओतलेला चहा, काढलेली खूण, साहेबाला सांगितलेला अडथळा. माझ्या भिंतीवर दुकानाचा परवाना टांगलेला होता. मी त्याच्याकडे बघत होतो. तिनं घाई केली नाही. तिला वाटलं असेल, मी आठवतोय.

"नाही," मी म्हणालो. "चांगला होता."

"चांगला?"

"फक्कड होता."

तिनं मान खाली घातली. बोटाला गुंडाळलेलं ओढणीचं टोक हळूहळू सोडवलं. रागावली नाही, रडली नाही.

"म्हणजे वास येत होता त्यांना," ती म्हणाली. मग जिन्याच्या कठड्याला धरून, एकेक पायरी बघत, ती खाली उतरून गेली.